अळी पालथी करा, मगच हायड्रोसायकिडी म्हणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खळाळत्या पाण्यातल्या दगडाखाली सुमारे 14 मिलिमीटर लांबीची, अंगावर घर नसलेली, अर्धचंद्रासारखी वळणारी अळी मिळाली. त्याच प्रवाहाच्या कडेला, जवळजवळ थांबलेल्या पाण्यात, तशीच दिसणारी पण 5 मिलिमीटरची दुसरी अळी मिळाली. रात्री दिव्यापाशी तपकिरी, पतंगासारखा एक कीटक येऊन बसला. दोन्ही अळ्यांच्या छातीवर तीन कठीण पाट्या आहेत आणि पुस्तकात हे लक्षण कॅडिसफ्लाय या कीटकांमधल्या हायड्रोसायकिडी कुलाचं म्हणून दिलं आहे. तर तिन्ही नमुने याच कुलाचे मानावेत का? सोबतची सगळी छायाचित्रं वरून घेतलेली आहेत.

माझं उत्तर: मोठी अळी जवळपास नक्की हायड्रोसायकिडी आहे. लहान अळी बहुधा नाही. प्रौढ कीटकाबद्दल या छायाचित्रावरून काहीच म्हणता येत नाही. आता कारणं सांगतो, आणि तीच महत्त्वाची आहेत, कारण पुढच्या वेळी निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

आधी कॅडिसफ्लायविषयी दोन शब्द. यांच्या गणाला ट्रायकॉप्टेरा म्हणतात, म्हणजे केसाळ पंखांचे. विल्यम कर्बी यांनी 1813 मध्ये हे नाव दिलं. फुलपाखरं आणि पतंग हे यांचे सर्वांत जवळचे नातलग. फरक इतकाच की पतंगाच्या पंखांवर खवले असतात, तर यांच्या पंखांवर केस, आणि यांच्या अळ्या जवळपास सगळ्या पाण्यात वाढतात. आज 16,000 हून अधिक जाती माहीत आहेत. त्यातल्या दीड हजाराहून अधिक एकट्या हायड्रोसायकिडी कुलात येतात. हायड्रोसायकी ही प्रजाती पिक्टेट यांनी 1834 मध्ये मांडली आणि कर्टिस यांनी 1835 मध्ये तिच्यावरून कुल उभं केलं. ग्रीकमध्ये ‘सायकी’ म्हणजे आत्मा आणि फुलपाखरूही, म्हणून हे नाव ‘पाण्याचं फुलपाखरू’ असं वाचता येतं. मला ते फार आवडतं. मी इथे प्रजाती हा शब्द जीनससाठी आणि जाती हा स्पीशीजसाठी वापरतो आहे, गोंधळ नको.

या गणातल्या बऱ्याच अळ्या वाळू, काड्या, पानांचे तुकडे रेशमाने जोडून घर करतात आणि ते पाठीवर घेऊन फिरतात. हायड्रोसायकिडी तसं करत नाहीत. त्या दगडाला चिकटलेला एक आडोसा बांधतात आणि त्याच्या तोंडाशी प्रवाहात जाळं ताणतात. तुम्ही दगड उचलला की जाळं मिटतं आणि बुळबुळीत चिखलासारखं दिसतं, म्हणून ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. दगड उचलण्यापूर्वी काचेच्या तळाचं भांडं पाण्यावर टेकवून खाली पाहा. चौकोनी भोकांची, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा कितीतरी नेटकी जाळी दिसेल. अळी डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत एकेक धागा टाकते, त्यामुळे भोकं इतकी सारखी येतात. हे दृश्य पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी नमुने गोळा करायचं विसरून पाण्यात ओणवा उभा राहिलो होतो.

आता अळीच्या लक्षणांकडे येऊ. तीन पाट्या हे लक्षण खरं आहे, पण एकटं पुरेसं नाही. अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष, छातीच्या या तिन्ही भागांची पाठ कठीण, गडद पाटीने पूर्ण झाकलेली असते. बहुसंख्य कुलांत फक्त पहिली किंवा पहिल्या दोन पाट्या कठीण असतात आणि मागचा भाग मऊ, पांढुरका राहतो, म्हणून तीन पाट्या दिसल्या की यादी एकदम आखूड होते. पण यादीत तीन नावं उरतात, एक नव्हे: हायड्रोसायकिडी, हायड्रोप्टिलिडी आणि एक्नोमिडी. वरून काढलेल्या छायाचित्रात ही तिन्ही एकमेकांत मिसळतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं नेहमी एकच असतं: अळी पालथी करा. पेट्री डिशमध्ये थोडं पाणी घ्या, मऊ चिमट्याने अळी पोट वर करून धरा आणि दहापट भिंगातून पाहा. हायड्रोसायकिडीच्या पोटाखाली, एकामागून एक वलयावर, फांद्या फुटलेले कल्ले असतात. पाण्यात ते पांढऱ्या पिसांच्या झुबक्यांसारखे हलतात. छातीच्या मागच्या दोन भागांखालीही ते असतात. हायड्रोप्टिलिडी आणि एक्नोमिडी यांच्या पोटाखाली असले कल्ले नसतात. तीन पाट्या आणि पोटाखाली फांद्यांचे कल्ले, ही जोडी मिळाली की कुल ठरलं. तिसरी खूण शेवटी असते: मागच्या टोकाला दोन लांब पाय आणि प्रत्येकावर एक आकडा, पण आकड्याच्या वर लांब केसांचा दाट कुंचला. तो तुमच्या मोठ्या अळीच्या छायाचित्रात दिसतो आहे आणि कडेने कल्ल्यांची टोकंही डोकावत आहेत. त्यामुळेच वरून काढलेलं छायाचित्र असूनही मी तिच्याबद्दल इतक्या खात्रीने बोललो.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. कॅडिसफ्लायची अळी साधारणपणे पाच टप्प्यांत वाढते आणि अगदी पहिल्या टप्प्यात कल्ले नसतात. पुढे प्रत्येक कात टाकल्यावर त्यांची संख्या वाढत जाते. म्हणजे एक-दीड मिलिमीटरच्या पिल्लाला कल्ले नाहीत म्हणून ते हायड्रोसायकिडी नाही, असं म्हणता येणार नाही. पण 5 मिलिमीटरच्या अळीला ही सवलत देता येत नाही. त्या वयापर्यंत कल्ले स्पष्ट दिसायलाच हवेत.

तुमच्या लहान अळीचं अंग सरळ आणि सडपातळ आहे, शेपटीकडे कुंचला दिसत नाही आणि ती संथ पाण्यात होती. या तिन्ही गोष्टी एक्नोमिडीकडे बोट दाखवतात. या कुलाच्या अळ्या दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर रेशमाची नळी करून राहतात आणि संथ पाणी त्यांना मानवतं. हायड्रोसायकिडीला मात्र वाहतं पाणी लागतंच. जाळ्यात अन्न आणून टाकणारा प्रवाह नसेल तर जाळं बांधून उपयोग काय? माझ्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदींत मी अशा कितीतरी एक्नोमिडी ‘हायड्रोसायकिडीची पिल्लं’ म्हणून लिहिल्या होत्या. पुढे कुप्या पुन्हा उघडून एकेक अळी उलटी केली तेव्हा चूक कळली आणि त्या नोंदींवर काढलेले निष्कर्ष बदलावे लागले. म्हणून हे इतकं आग्रहाने सांगतो.

हायड्रोप्टिलिडीची शक्यता तुमच्या बाबतीत कमी वाटते. त्या अळ्या फार लहान, बहुधा 6 मिलिमीटरच्या आत असतात. पहिल्या चार टप्प्यांत त्या मोकळ्या फिरतात आणि पाचव्यात बटव्यासारखं चपटं घर करतात. त्या वेळी त्यांचं पोट छातीपेक्षा ठळकपणे फुगलेलं असतं. घराबाहेर पडलेली अशी अळी मिळाली तरी तो फुगवटा आधी नजरेत भरतो.

घर नसलेल्या आणखी काही अळ्या गोंधळात टाकतात, पण त्यांना वेगळं करणं सोपं आहे. ऱ्हायकोफिलिडीच्या अळ्या मोकळ्या फिरून शिकार करतात, पुष्कळदा हिरवट असतात, काहींना फांद्यांचे कल्लेही असतात. पण कठीण पाटी फक्त अग्रवक्षावर, आणि पोटाच्या नवव्या वलयाच्या पाठीवर एक छोटी कठीण चकती. फिलोपोटॅमिडी जाळी विणतात, तीही फार बारीक, पण त्यांचीही एकच पाटी कठीण; डोकं नारिंगी-पिवळं आणि वरचा ओठ मऊ, पांढरा, टी अक्षरासारखा पसरट. पॉलिसेंट्रोपोडिडीचीही एकच पाटी. आणि पोटाखाली कल्ल्यांचे झुबके असलेली, मोठ्या जबड्यांची, जाडजूड अळी मिळाली तर थोडं थांबा. ती कॅडिस नसून कोरिडॅलिडी, म्हणजे डॉब्सनफ्लायच्या कुलातली असू शकते. तिच्या पोटाच्या कडांना बोटांसारखे लांब मांसल धागे असतात आणि मागच्या प्रत्येक पायावर दोन आकडे. कॅडिसच्या प्रत्येक मागच्या पायावर एकच आकडा असतो. आकडे मोजण्याची सवय लावून घ्या, खूप वेळ वाचतो.

कुल ठरल्यावर पुढे जायचं असेल तर पुन्हा खालच्याच बाजूला पाहायचं. डोक्याच्या खालच्या पृष्ठभागावर दोन गालांच्या मधोमध एक कठीण तुकडा असतो. आर्क्टोसायकिनी उपकुलात हा तुकडा सलग असतो आणि दोन्ही गाल एकमेकांपासून पूर्ण वेगळे करतो. हायड्रोसायकिनीत गाल मधल्या रेषेवर एकत्र येतात आणि तुकड्याचे दोन भाग होतात. पुढचा त्रिकोणी, मागचा इवलासा, कधी कधी दिसेनासा. डिप्लेक्ट्रोनिनीत मागचा भागही चांगला मोठा असतो, मधल्या रेषेच्या निम्म्याहून लांब. हे पाहायला साधं भिंग पुरत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा आणि प्रकाश तिरपा हवा, नाहीतर शिवणी दिसत नाहीत.

हायड्रोसायकी आणि च्यूमॅटोसायकी या दोन प्रजाती बहुतेक ठिकाणी एकत्रच मिळतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोघींतही पुढच्या पायाच्या मुळाशी असलेली छोटी पाटी, ट्रोकँटिन, काट्यासारखी दुभंगलेली असते, त्यामुळे ती इथे मदत करत नाही. डोकं थोडं मागे ओढून अग्रवक्षाच्या खालच्या बाजूला, मुख्य पाटीच्या मागे, पाहा. हायड्रोसायकीत तिथे दोन मोठ्या, ठळक, गडद चकत्या असतात. च्यूमॅटोसायकीत त्या अगदी लहान असतात, शोधाव्या लागतात. डोक्याच्या रंगावरून आणि ठिपक्यांवरून प्रजाती सांगणारे लोक भेटतात. मी ते करत नाही. एकाच जातीत रंग खूप बदलतो आणि अल्कोहोलमध्ये वर्षभरात फिका पडतो.

मॅक्रोनेमॅटिनी उपकुल मात्र वरूनही ओळखू येतं, तेवढा एक अपवाद. मॅक्रोस्टेमम या प्रजातीच्या अळीचं डोकं वरून सपाट, जणू कापल्यासारखं असतं आणि त्या सपाटीभोवती कमानीसारखी धार असते. पुढच्या पायांवर दाट केसांचे कुंचले असतात. हे कुंचले तिच्या जाळ्याशी जुळतात, कारण तिच्या जवळच्या मॅक्रोनेमा प्रजातीच्या जाळ्याची भोकं सुमारे 5 गुणिले 40 मायक्रोमीटर इतकी बारीक मोजलेली आहेत. असल्या जाळ्यात अडकतं ते पिठासारखं अन्न, आणि ते झाडून गोळा करायला कुंचलाच हवा. दुसऱ्या टोकाला आर्क्टोसायकिनी. त्यांची भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात; थंड, वेगवान पाण्यात त्या लहान प्राणीही पकडून खातात. हायड्रोसायकी या दोन्हींच्या मध्ये येते. म्हणून जाळ्याचा फोटो मिळाला, आणि शेजारी मोजपट्टी असली, तर मला अळीइतकाच उपयोगी पडतो. वाढत्या वयाबरोबर भोकंही मोठी होतात, एवढं ध्यानात ठेवून तुलना करायची.

खालच्या बाजूला पाहताना आणखी एक गोष्ट दिसेल. ती मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. डोक्याखाली दोन्ही बाजूंना अतिशय बारीक, समांतर रेघा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. पुढच्या पायाच्या मांडीवर एक छोटा उंचवटा असतो. अळी तो उंचवटा रेघांवर घासते आणि पाण्यात आवाज काढते. दुसरी अळी आडोसा बळकवायला आली की मालकीण आवाज करते, आणि असा आवाज करणाऱ्या अळ्या आपलं घर जास्त चांगलं राखतात असं दिसून आलं आहे. आडोसा आणि जाळं बांधायला बरंच रेशीम लागतं, त्यामुळे तयार घरासाठी भांडण होणारच.

आता प्रौढ कीटक. अळीत काय आहे ते पाहायचं असतं. प्रौढात काय नाही ते. डोक्यावर दोन संयुक्त डोळ्यांच्या मध्ये साधे डोळे, म्हणजे मण्यांसारखे तीन चमकदार ठिपके, हायड्रोसायकिडीत नसतात. फिलोपोटॅमिडी आणि स्टेनोसायकिडीत असतात. ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी मध्यवक्षाच्या पाठीची. बहुतेक कॅडिसफ्लायमध्ये तिथे केस असलेले गोल उंचवटे असतात. हायड्रोसायकिडीत ती पाठ गुळगुळीत असते. पॉलिसेंट्रोपोडिडी, सायकोमायिडी आणि एक्नोमिडी यांनाही साधे डोळे नसतात, पण हे उंचवटे असतात, म्हणून त्यांना इथे वेगळं करता येतं. अडचण अशी की पंख मिटलेले असले आणि अंगावर केस दाट असले की ही पाठ दिसत नाही. तुमच्या छायाचित्रात नेमकं हेच झालं आहे.

मग तोंडाकडे वळायचं. जबड्याच्या बाजूला लोंबणारा पाल्प पाच पेरांचा असतो, नरात आणि मादीत सारखाच. त्याचं शेवटचं पेर लांब, चाबकासारखं लवचिक आणि आडव्या वळ्यांनी भरलेलं. पुष्कळदा आधीच्या चारही पेरांच्या बेरजेइतकं. पण ही वळी जाळी विणणाऱ्या इतर कुलांतही असतात, त्यामुळे पाल्प एकटा निकाल देत नाही. मॅक्रोनेमॅटिनीतल्या काही प्रजातींत मुखांगं खुरटलेली असतात, तेव्हा पाल्प न मिळाल्यास घाबरू नका. हायड्रोसायकीच्या बऱ्याच जातींत मिशांच्या बुडाकडच्या पेरांवर तिरप्या काळसर रेघा असतात, तीही चांगली खूण आहे. नडग्यांवरचे हलणारे काटे मोजा: पुढच्या पायावर दोन, मधल्यावर चार, मागच्यावर चार हा हायड्रोसायकीचा हिशेब. पॉलिसेंट्रोपोडिडी आणि एक्नोमिडीत पुढच्या पायावर सहसा तीन असतात.

मॅक्रोस्टेममच्या प्रौढाला लांबलचक मिशा आणि पंखांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची नक्षी असते. मिशांमुळे लोक त्याला लेप्टोसेरिडी समजतात. लेप्टोसेरिडीच्या पाल्पच्या शेवटच्या पेरावर वळी नसतात, हे पाहिलं की प्रश्न मिटतो.

मादी असेल तर मधल्या पायांकडे पाहा. कित्येक जातींत ते रुंद, वल्ह्यासारखे चपटे असतात. मादी स्वतः पाण्याखाली उतरते आणि दगडावर चिकट थरात अंडी घालते. हे पाय तिला तिथवर नेतात. पंखांचा प्राणी अंडी घालायला वाहत्या पाण्यात बुडी मारतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण अळ्या मोजत आहात म्हणजे तो विचार मनात असणार. बीएमडब्ल्यूपी या पद्धतीत पाण्यातल्या जीवांच्या कुलांना गुण देऊन पाण्याचा दर्जा ठरवतात; तिच्यात या कुलाला 10 पैकी 5 गुण आहेत. हिल्सेनहॉफ यांच्या कुलपातळीच्या निर्देशांकात सहनशीलतेचा आकडा 4 आहे, आणि तिथे आकडा कमी म्हणजे कीटक अधिक नाजूक. दोन्ही आकडे मधले आहेत, आणि माझ्या मते ते फसवे आहेत. या एकाच कुलात आर्क्टोसायकीसारखे थंड, स्वच्छ पाणी मागणारे आणि सेंद्रिय मैल्याने जड झालेल्या पाण्यातही गर्दी करणारे असे दोन्ही प्रकार आहेत. जलाशयाच्या सांडव्याखाली तर अन्न तरंगत येतं म्हणून दगडागणिक अळ्या लगडलेल्या असतात. ‘कॅडिसफ्लाय भरपूर, म्हणजे पाणी उत्तम’ असं तिथे म्हणणं चूक ठरेल. म्हणूनच काही अभ्यासक ईपीटीची, म्हणजे मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन गणांची, टक्केवारी काढताना हायड्रोसायकिडी वेगळे ठेवतात, आणि मीही तेच करतो.

आता तुमच्या नमुन्यांचं काय करायचं. दोन्ही अळ्या 80 टक्के अल्कोहोलमध्ये वेगवेगळ्या कुप्यांत ठेवा आणि जागा, तारीख, प्रवाहाचा वेग पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोल सांडलं की पुसली जाते. शक्य असेल तर अल्कोहोलमध्ये टाकण्यापूर्वी, अळी जिवंत आणि पाण्यात असतानाच, पोटाकडून एक छायाचित्र घ्या. अल्कोहोलमध्ये कल्ले आक्रसून चिकटतात. लहान अळीचं पोटाकडून घेतलेलं छायाचित्र मिळालं तर तिचं कुल मी ठामपणे सांगू शकेन.

प्रौढाची जात ठरवायची तर नर लागेल. पोटाचं टोक कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ ऊती विरघळवतात आणि उरलेले जननावयव मायक्रोस्कोपखाली पाहतात. पंखांच्या रंगावरून जात सांगण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि दिव्यावर आलेला प्रौढ हा त्याच अळीचा पुढचा टप्पा आहे का, या तुमच्या मूळ कुतूहलासाठी एक जुना, खात्रीचा मार्ग आहे. त्याच दगडांवर खड्यांनी बांधलेले, घुमटासारखे बंद आडोसे शोधा. आत कोश असतो. पूर्ण तयार झालेला नर कोश मिळाला तर त्याच्या कातडीखाली प्रौढाचे जननावयव घडलेले असतात, आणि त्याच घुमटात तळाशी अळीच्या डोक्याचे आणि छातीच्या पाट्यांचे टाकून दिलेले तुकडे पडलेले असतात. म्हणजे अळी आणि प्रौढ, दोघांची ओळख एकाच घुमटात मिळते. घुमट उघडताना सुई वरून खुपसू नका. कडेने, दगडाला लागून, हळूच सरकवा, आणि तळाचा गाळ फेकण्याआधी भिंगाखाली चाळून पाहा. पाट्यांचे ते तुकडे त्यातच असतात.